धुक्यातून पानिपताकडे

जानेवारीत उत्तरेकडे निघताय? तिकीट नंतर काढा, आधी हवामानाचा अंदाज वाचायला शिका!

पुणेकराला थंडीचं कोण कौतुक! पारा दहाच्या खाली उतरला रे उतरला, की सारसबागेतल्या बाप्पाला स्वेटर आणि कानटोपी चढते, निफाडचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी वाचून आपण चहाचा आणखी एक कप मागतो. थंडी म्हणजे हुरडा, थंडी म्हणजे सिंहगडावरची कांदाभजी, थंडी म्हणजे कपाटातलं ते महागडं जॅकेट बाहेर काढायचा वर्षातला एकमेव चान्स.

नोकरीसाठी गुडगावला आलो (कागदोपत्री 2016 पासून गुरुग्राम, पण बोलताना सगळे गुडगावच म्हणतात) आणि या कौतुकाची पार वाट लागली. इथे थंडी आली की शाळांच्या वेळा बदलतात, गाड्या रद्द होतात, विमानं भलत्याच शहरात उतरतात आणि ऑफिसात सकाळी नऊची मीटिंग ठेवणाऱ्याकडे लोक वेड्यासारखं बघतात. इथल्या लोकांनी या दिवसांसाठी आयुष्याचं वेगळं टाइमटेबलच करून ठेवलंय. ते टाइमटेबल मला नीट कळलं ते 2024 च्या जानेवारीत, काका आले तेव्हा.

माझे काका साताऱ्याचे. भूगोलाचे रिटायर्ड मास्तर, वय 71, सोबतीला दमा आणि खिशात इनहेलर. आयुष्यात एकदा तरी 14 जानेवारीला पानिपतच्या रणभूमीवर उभं राहायचं, ही त्यांची जुनी इच्छा. डिसेंबरातच त्यांचा फोन आला.

"14 तारखेला रविवार आहे, तुला सुट्टी. मी शुक्रवारी पोचतो. रविवारी पानिपत, सोमवारी परत. सगळं बघून ठेवलंय मी."

"काका, तेव्हा थंडी फार असते हो इकडे."

"अरे, महाबळेश्वरच्या पायथ्याशी आयुष्य गेलं माझं. थंडी मला नको शिकवू!"

आकड्यावर जाऊ नका

मास्तरांना थंडी शिकवायची हिंमत माझ्यात नव्हती, ते काम दिल्लीनेच केलं. शनिवारी सकाळी काका पेपर घेऊन बसले. किमान तापमान साडेतीनच्या आसपास. "हे तर आमच्याकडेही होतं कधीमधी," असं म्हणून त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं आणि तितक्याच वेगाने बंद केलं.

फरक काय, तर आपल्याकडे पहाटे कितीही गारठा असो, नऊ वाजता खणखणीत ऊन पडतं. दुपारी हाफ शर्टात फिरता येतं. दिल्ली-हरियाणात थंडीच्या लाटेत ऊनच गायब असतं. रात्रीचं धुकं सकाळी जमिनीवरून थोडं वर उचललं जातं आणि ढगासारखं डोक्यावर तरंगत राहतं. सूर्य असतो, पण फुटलेल्या ट्यूबलाइटसारखा. दुपारचे दोन वाजले तरी गारठा हटत नाही. त्यात घरं बांधलेली उन्हाळ्यासाठी: उंच छत, दगडी फरशी, हीटिंग नावाचा प्रकार नाही. बाहेरच्यापेक्षा घरात जास्त थंडी वाजते, हा दिल्लीचा खास फंडा!

म्हणून भारतीय हवामान विभागाच्या अंदाजात थंडीसाठी दोन वेगळे शब्द येतात, आणि प्रवास करणाऱ्याला दोन्ही माहीत हवेत. पहिला, शीतलहर. मैदानी भागात किमान तापमान 4 अंश किंवा त्याच्या खाली गेलं की शीतलहर आणि 2 अंश किंवा त्याच्या खाली गेलं की तीव्र शीतलहर. पारा 10 किंवा त्याखाली असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त घसरला असेल, तरीही शीतलहरच. हा झाला रात्रीचा हिशेब.

दुसरा शब्द, थंड दिवस. इंग्रजीत नुसतं 'कोल्ड डे'. किमान तापमान 10 किंवा त्याखाली आणि दिवसाचं कमाल तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी. ऐकायला अगदी साधा शब्द, पण माणसाला खरा गारद करतो तो हाच. 30 डिसेंबर 2019 ला दिल्लीत सफदरजंगला कमाल तापमान होतं 9.4 अंश. कमाल, बरं का! 1901 पासूनचा तो डिसेंबरमधला सगळ्यात थंड दिवस ठरला. पुण्यात पहाटे दहा अंश झाले की आपण शेकोटी पेटवतो, इथे भरदुपारीही दहा झाले नाहीत.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवला आणि म्हणाले, "म्हणजे बातमीतला किमान आकडा बघायचा नाही, कमाल बघायचा. हे बरोबर आहे." मास्तरांनी पास केलं!

शिमला ऑफिसची माणसं

पुण्यात शिवाजीनगरला त्या दगडी इमारतीच्या चौकाला सगळे 'शिमला ऑफिस' म्हणतात. पीएमटीच्या बसमधून कितीतरी वेळा तिथे उतरलो असेन, पण नाव शिमला का, हा प्रश्न कधी पडला नाही. हवामान विभागाचं कार्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्याला हललं, तिथून ते नाव चिकटलं. मुख्यालय 1944 मध्ये दिल्लीला गेलं, तरी पुण्याचं आणि हवामानाचं नातं तुटलं नाही.

आज दिल्लीच्या धुक्याचं गणितही बऱ्याच अंशी पुण्यातच मांडलं जातं. पाषाणच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, 2015 च्या हिवाळ्यात दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर धुक्याचा खास प्रयोग सुरू केला. त्याचं नाव 'वायफेक्स'. हवेतला ओलावा, वारा, जमिनीचं तापमान, धुक्याच्या थेंबांचा आकार, हवेतले धूलिकण हे सगळं तिथे मोजलं जातं आणि धुकं कधी उतरेल, कधी उठेल याचा अंदाज बांधला जातो. म्हणजे दिल्लीला धुक्यात अडकलेला पुणेकर ज्या अंदाजाकडे डोळे लावून बसतो, त्यात पाषाणच्या कुणाचीतरी मेहनत असते. आहे की नाही भारी?

धुकं बनतं कसं? पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभामुळे पंजाब-हरियाणात पाऊस पडतो. तो गेला की आकाश निरभ्र होतं, वारा पडतो, जमीन ओलीच असते. त्यात गव्हाच्या शेतांना पाणी चालू. रात्री जमिनीतली उष्णता भराभर वर निघून जाते, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. वरची हवा त्या मानाने उबदार, त्यामुळे खालची हवा झाकण लावलेल्या पातेल्यासारखी कोंडली जाते. धूर, धूळ सगळं त्यातच. अमृतसरपासून बिहारपर्यंत सपाट मैदान, अडवायला डोंगर नाही. मग कधीकधी ही पांढरी दुलई एका रात्रीत शेकडो किलोमीटर पसरते.

अंदाजात धुक्याच्याही पायऱ्या असतात. 200 मीटरच्या आतलं दिसत नसेल तर दाट धुकं. 50 मीटरच्याही आतलं दिसत नसेल तर अतिदाट. शनिवारी रात्री हरियाणासाठी जो इशारा होता, तो अतिदाटचा.

सहाला की अकराला?

शनिवारी 13 तारीख, म्हणजे लोहडी. सोसायटीच्या आवारात लाकडं पेटलेली, ढोल चालू, रेवडी, गजक आणि शेंगदाण्यांचा पाऊस. काकांनी खिशातून तिळगुळाची पुडी काढून शेजारच्या पंजाबी आंटींना दिली, त्यांनी काकांच्या हातावर रेवडी ठेवली. तीळ आणि गूळ दोन्हीकडे एकच. पण धुराने काकांचा दमा डोकं वर काढायला लागला, म्हणून आम्ही लवकर वर आलो. आणि मग जुंपली.

पानिपतचा कार्यक्रम सकाळी. गुडगावहून पानिपत साधारण सव्वाशे किलोमीटर. दहाला पोचायचं तर सहाला निघायला हवं. काकांनी गजर पाचचा लावलेला. मी म्हटलं, अकराच्या आधी निघायचं नाही.

"एवढ्या लांबून मी कार्यक्रम संपल्यावर पोचायला आलोय का?" काकांचा आवाज चढला. "रस्त्यावर गाड्या चालतात ना? इथली माणसं काय घरात बसतात?"

"काही माणसं निघतात काका. त्यातली काही पोचत नाहीत."

हे जरा जास्तच झालं, पण खोटं नव्हतं. साधा हिशेब मांडून दाखवला. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोर 50 मीटर दिसत असेल तर समोरचा थांबलेला ट्रक दिसल्यापासून त्याला धडकेपर्यंत तुमच्याकडे दोन सेकंद आणि थोडं वर. त्यातलं सेकंदभर तर 'अरे, ट्रक!' हे कळण्यातच जातं. वेग 40 वर आणला तर जमेल, पण मागून येणारा 40 वर आहे की नाही, हे आपल्या हातात नसतं. धुक्यातले बहुतेक मोठे अपघात असेच होतात. एक गाडी थांबते, मग मागून एकावर एक.

काका गप्प. मग मी ड्रायव्हरला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो सोनीपतचा, हा हायवे त्याच्या पायाखालचा. त्याने दोन वाक्यांत निकाल लावला. "ग्यारह से पहले मत निकलो साहब. धुंध में बहादुरी नहीं चलती."

काकांनी गजर बंद केला. माझ्याशी मात्र झोपेपर्यंत बोलले नाहीत.

जीटी रोडवरची सकाळ

रविवारी पहाटे पाचला खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. समोरची काय, खालचं पार्किंगही नाही. त्या पहाटे दिल्लीच्या पालम विमानतळावर दृश्यमानता शून्य नोंदली गेली. शहराचं किमान तापमान होतं 3.5 अंश. काका सातला उठले, चहाचा कप हातात धरून बराच वेळ खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "पांढरा फळा." एवढंच.

साडेदहाला धुकं पातळ झालं. समोरची बिल्डिंग दिसली, मग तिच्यामागची. अकराला आम्ही निघालो. दिल्ली ओलांडून सिंघू बॉर्डर आणि पुढे 44 नंबरचा नॅशनल हायवे, म्हणजेच जुना जीटी रोड. ड्रायव्हरचं काम बघण्यासारखं होतं. हेडलाइट लो बीमवर, कारण हाय बीमचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. काचेला आतून वाफ धरू नये म्हणून एसी चालू. थंडीत एसी बघून काकांना धक्काच बसला! पार्किंग लाइटची चारही टिमटिम बंद, कारण ती लावली की आपण कुठे वळतोय ते मागच्याला कळत नाही, आणि गाडी थांबलीय असं वाटून तोही गोंधळतो. डोळा मात्र सतत रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर.

सोनीपतच्या अलीकडे मधूनच धुक्याचा एखादा पट्टा लागायचा आणि वेग तीसवर यायचा. अशाच एका पट्ट्यातून उसाने भरलेली ट्रॉली उगवली. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. "हे तर आपल्याकडचंच चित्र," काका म्हणाले. साखर कारखान्याच्या रस्त्यावर अख्खं आयुष्य गेलेल्या माणसाला ऊस आणि अंधार यांचं नातं पक्कं माहीत असतं.

थोडं पुढे उलट्या बाजूला एक क्रेन उभी होती. ट्रकच्या मागच्या चाकांखाली घुसलेली पांढरी कार ती ओढून काढत होती. कारमध्ये कोणी नव्हतं. आमची गाडी हळूहळू पुढे सरकली. काका मान वळवून बघत राहिले. मग न विचारता त्यांनी सीटबेल्ट चाचपून पाहिला आणि मला म्हणाले, "भूक लागली का रे तुला?" अबोला संपला!

भूक मुरथलला भागली. दिल्लीपासून पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव म्हणजे पराठ्यांचं पंढरपूर. तंदुरी आलू-प्याज पराठा, वर वितळणारा पांढऱ्या लोण्याचा गोळा, सोबत घट्ट दही. तिथे कळलं की धाब्याच्या पार्किंगमध्ये पहाटे पाचपासून गाड्या थांबून होत्या. लोक गाडीतच झोपले, उठले, पराठे खाल्ले, पुन्हा झोपले. एमएच नंबरची एक बसही होती त्यात. इथली माणसं घरात बसत नाहीत, हे काकांचं म्हणणं खरं होतं. ती मुरथलला बसतात.

काला आम

पानिपत शहरापासून सात-आठ किलोमीटरवर 'काला आम'. तिसऱ्या लढाईच्या या जागेवर एक आंब्याचं झाड होतं आणि ते काळं पडलं, अशी आख्यायिका आहे. झाड आता नाही. विटांचा एक स्तंभ, भोवती बाग, चौफेर गव्हाची हिरवी शेतं. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. मुख्य कार्यक्रम संपला होता, भगवे झेंडे अजून हलत होते. ऊन पडलेलं, पण दुधात पाणी घातल्यासारखं. शाली पांघरलेले हरियाणवी म्हातारे घोळक्याने बसलेले. त्यातले बरेच रोड समाजाचे. पानिपतात मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं हा समाज मानतो. एकाने काकांचा हात हातात घेतला आणि "कहाँ से?" विचारलं. "सातारा" म्हटल्यावर त्याने तो हात बराच वेळ सोडला नाही.

काकांनी बूट काढले. त्या थंडीत अनवाणी. स्तंभाला हात लावून उभे राहिले. मग बाकावर बसून, वर्गात शिकवायचे तसं बोलायला लागले.

"1760 च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला छावणी पडली इथे. लढाई 14 जानेवारी 1761 ला. बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. मोज, अडीच महिने. म्हणजे हाच सीझन. ही हवा, हेच धुकं. आणि माणसं आपल्याकडची. मावळ, खानदेश, कोकण, देश. बरोबर बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. रसद तोडलेली. जनावरांना वैरण नाही, माणसांना धान्य नाही. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडली."

"संक्रांत कोसळणं, पानिपत होणं हे शब्द आपण किती सहज वापरतो," मी म्हटलं.

काका थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काल मी तुझ्यावर चिडलो. पण बघ, आपण अकराला निघायचं ठरवू शकलो. त्यांना निघायची वेळ निवडताच आली नाही रे."

मला वाटतं, हवामानाच्या अंदाजाबद्दल याच्यापेक्षा चांगलं वाक्य मी ऐकलेलं नाही. अंदाज तुमची थंडी कमी करत नाही, धुकंही हटवत नाही. तो तुमच्या हातात वेळ देतो. ती वापरायची की गजर पाचचाच लावायचा, हे आपण ठरवायचं.

ब्लँकेटचं गाव

पानिपतला गेलात आणि बाजार न बघता आलात तर फाऊल! ज्या मैदानात माणसं थंडीत कुडकुडली, त्या गावात आज देशभराच्या अंगावरची पांघरुणं तयार होतात. श्रीमंत देशांत फेकून दिलेले लोकरी कपडे इथे गठ्ठ्यांनी येतात. रंगांप्रमाणे वेगळे केले जातात, बटणं-झिपा काढल्या जातात, मग यंत्रात फाडून त्यांचा पुन्हा धागा काढला जातो. त्या धाग्याला 'शॉडी' म्हणतात. भूकंप-पुरात वाटली जाणारी ती करडी, खरबरीत ब्लँकेटं याच धाग्याची. अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ 'मिंक' ब्लँकेटनी बरीच बाजी मारलीय, पण शॉडीचे कारखाने आहेतच.

काकांनी हात लावून लावून दुकानदाराला भंडावलं आणि शेवटी दोन ब्लँकेटं घेतली. एक मिंक, काकूंसाठी. एक करडं, स्वतःसाठी. "हे टोचतं हो," मी म्हटलं. "टोचू दे. पानिपतचं आहे." वर पचरंगा लोणच्याची बरणी. साडेतीनला बाजार आटपून आम्ही निघालो, कारण सूर्य कलला की धुकं परत उतरायला लागतं आणि परतीच्या रस्त्यालाही तोच नियम लागू. सव्वासहाला घरी.

ऊन पडलंय, विमान कुठाय?

सोमवारी दुपारचं पुण्याचं विमान. विमानतळावर अकरापर्यंत ऊन आलं होतं, तरी बोर्डवर लाल अक्षरांची रांग. काका वैतागले. "आता तर सगळं दिसतंय की! मग उडायला काय झालं?"

याचं उत्तर माहीत असलं की निम्मा संताप कमी होतो. एक विमान दिवसात पाच-सहा खेपा करतं. तुमचं दुपारचं विमान सकाळी भलत्याच शहरात धुकं उठायची वाट बघत बसलेलं असतं. सकाळचे तीन तास संध्याकाळपर्यंत सहा होतात. दुसरी गंमत म्हणजे 'कॅट थ्री-बी' या यंत्रणेच्या मदतीने धावपट्टीवर 50 मीटर दिसत असलं तरी विमान उतरू शकतं. उड्डाणाला मात्र 125 मीटर लागतात. आणि उतरायलाही विमानात ती यंत्रणा आणि पायलटकडे ते ट्रेनिंग, दोन्ही हवं. म्हणून शेजारचं विमान उतरतं आणि तुमचं जयपूरला जातं. यात कुणी कुणावर अन्याय करत नसतं.

रेल्वेचंही तसंच. धुक्यात सिग्नल दिसत नाही, म्हणून पूर्वापार सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके लावतात. इंजिन त्यावरून गेलं की धडाम! ड्रायव्हर सावध होतो. आता इंजिनात जीपीएसवर चालणारं 'फॉग सेफ डिव्हाइस' असतं, ते पुढचा सिग्नल किती लांब आहे ते सांगतं. तरी वेग कमीच ठेवावा लागतो, आणि दिल्लीला आठ तास उशिरा आलेली गाडी साफसफाई होऊन परत निघायला आठ तास उशीर ठरलेलाच.

काकांचं विमान सात तास उशिरा सुटलं. तोपर्यंत त्यांनी करडं ब्लँकेट हँडबॅगेतून काढून पांघरलं होतं आणि शेजारच्या तीन प्रवाशांना शीतलहर आणि थंड दिवस यातला फरक समजावून सांगत होते. तिघंही ऐकत होते. जाणार कुठे?

निघायचंय? मग हे लक्षात ठेवा

- डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर दिल्ली-हरियाणा-यूपीकडे जाताना पहिलं विमान टाळा. दुपारी बारा ते चारच्या मधलं बघा. उशीर झाला तरी रात्रीची झोप मिळते.
- लग्न, इंटरव्ह्यू, व्हिसाची अपॉइंटमेंट असेल तर एक दिवस आधी पोचा. धुक्याच्या दिवसांत त्याच दिवशी पोचायचा प्लॅन म्हणजे जुगार.
- अंदाज आदल्या रात्री आणि निघायच्या आधी, दोनदा बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे प्लॅन बदला.
- ट्रेन असेल तर तुमच्या गाडीची नव्हे, तिचा रेक जिथून येतोय त्या गाडीची स्थिती बघा. तुमच्या स्टेशनवर गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही जाणार नसाल, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर भरा. पूर्ण पैसे परत मिळतात.
- एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा तीन थर घाला: आत थर्मल, मध्ये लोकरी, वर वारा अडवणारं. कान, पंजे आणि पावलं आधी झाका. औषधं आणि एक पांघरूण हँडबॅगेतच.
- दमा किंवा हार्टचा त्रास असलेल्या घरच्यांना पहाटे फिरायला नेऊ नका. थंडी आणि प्रदूषण दोन्ही तेव्हाच जमिनीलगत दाटलेलं असतं.
- बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. दर हिवाळ्यात यात माणसं जातात.
- हायवेवर धुकं दाटलं तर कडेला, रस्त्यावर थांबू नका. धाबा किंवा पंप गाठा आणि पराठा मागवा. पोचायला उशीर झाला म्हणून कुणी जेवायचं थांबत नाही, आणि थांबलंच तर आपल्या काळजीपोटी थांबतं.

काकांनी पुढच्या 14 जानेवारीचं आत्ताच ठरवलंय. या वेळी सोबत काकू आणि शाळेतले चार जुने मास्तर. व्हॉट्सअॅपवर प्लॅन आला, त्यात पहिल्याच ओळीत लिहिलंय: मुक्काम आदल्या रात्री पानिपतलाच, सकाळी बाहेर पडायचं ते धुकं बघून.